हरिपूरचं पेव, तीस पानं आणि एमएफएचा अर्ज

गेल्या वर्षभरात सांगली-मिरजेतल्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. नाटक आणि पटकथा लिहायला शिकवणाऱ्या बाहेरच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा असेल तर सुरुवात कुठून करायची? विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात इंग्रजीची परीक्षा किंवा एसओपी, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात तेच होतं आणि त्यात माझं एक वर्ष गेलं. सुरुवात रायटिंग सॅम्पलपासून, म्हणजे अर्जासोबत पाठवायच्या आपल्या लेखनाच्या नमुन्यापासून करायची. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

अमेरिकेत या शिक्षणाला एमएफए म्हणतात, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स. अभ्यासक्रम दोन किंवा तीन वर्षांचा असतो आणि प्रत्येक ठिकाणचा कल वेगळा असतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमधला ड्रामॅटिक रायटिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तिथं नाटक, सिनेमा आणि टीव्ही या तिन्हींसाठी लिहायला शिकवतात. येलमध्ये नाट्यलेखन तीन वर्षांचं आहे, आणि 2021 मध्ये मिळालेल्या मोठ्या देणगीमुळे तिथल्या नाट्यविद्यालयात कुणालाच फी नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या मिचनर सेंटरमध्ये शिकताना खर्चासाठी विद्यावेतनही मिळतं, पण वर्षाला जेमतेम डझनभर लेखक घेतात. आपल्या जवळ पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ती 1960 मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली, आणि प्रभात मुळात कोल्हापूरची. तिथं पटकथालेखनाचा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. ज्याला हिंदी-मराठीतच काम करायचंय त्यानं आधी पुण्याचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मला नाटक आणि पटकथा दोन्ही एकत्र शिकायचं होतं, म्हणून मी बाहेर अर्ज केले.

पहिल्या वर्षी मी ब्रुकलिनमधल्या तीन मैत्रिणींची पटकथा पाठवली. ब्रुकलिन मी मालिकांमध्ये पाहिलं होतं, बाकी काही माहिती नव्हती. मैत्रिणी भाड्यावरून भांडत होत्या, पण तिथं भाडं कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, थकलं तर घरमालक काय करतो, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. एका सल्लागाराच्या ऑफिसात पैसे भरून एसओपी लिहून घेतलं. 'लहानपणापासून मला गोष्टींची आवड आहे' इथून ते सुरू होत होतं. पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही ठिकाणांहून नकार आला. मार्चमध्ये शेवटचा मेल आला तेव्हा खूप रडले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या सांगलीतल्या नाट्यगटाची नवी एकांकिका बसत होती. ती मी लिहिली होती, विषय हरिपूरचं पेव. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. हरिपूर सांगलीला लागूनच आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथं जमिनीत हळद साठवायची पेवं खणलेली होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, वरून मातीनं बंद. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. आमच्या आजोबांचंही एक पेव होतं. एकांकिकेत बाप आणि मुलगी पूर ओसरल्यावर शेवटचं पेव उघडायला येतात. एवढीच गोष्ट.

एका संध्याकाळी तालीम संपल्यावर दिग्दर्शक सरांनी विचारलं, "हेच का पाठवलं नाहीस?" मी म्हटलं, "सर, पेव कुणाला कळणार तिकडं?" ते म्हणाले, "तुला पेव कळतंय ना? मग बघणाऱ्याला कळेल असं लिही की."

मी भाषांतराला बसले. अर्ज घेणारी बहुतेक ठिकाणं नमुना इंग्रजीतच मागतात. नाटक मुळात मराठीत असेल तर पहिल्या पानावर 'मूळ मराठी, भाषांतर लेखिकेचंच' असं लिहून टाकावं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्या मसुद्यात मी सुरुवातीलाच अर्ध्या पानाची टीप घातली होती. पेव म्हणजे काय, हळद का साठवतात, हरिपूर कुठं आहे. आमच्या गटातल्या एका मुलाची मावसबहीण बंगळूरला वाढलेली, तिला वाचायला दिलं. ती टीप सोडून थेट संवादांवर गेली, आणि चौथ्या पानावर तिनं विचारलं, "ही माणसं विहिरीत का उतरतायत?"

तेव्हा टीप काढून टाकली. पेव उघडताना आमच्याकडे जे करतात तेच नाटकाच्या सुरुवातीला ठेवलं. तोंडावरची माती काढायची, हवा जाऊ द्यायची आणि दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. नव्या मसुद्यात पडदा उघडतो तेव्हा मुलगी कंदील सोडते आहे. दोघंही दोरीकडे बघतायत. आतला उजेड जातो. बाप म्हणतो, "उद्या." झालं. खाली खड्डा आहे, त्यात जीव जाऊ शकतो, आणि तरी यांना उतरायचंच आहे, हे कुठल्याही देशातल्या वाचकाला पहिल्या अर्ध्या पानात समजतं. 'पेव' हा शब्द मी तसाच ठेवला, बदलला नाही.

दुसरी अडचण मोठी होती. मराठीत मुलगी नाटकभर बापाला "आबा, तुम्ही" म्हणते आणि शेवटाकडे एकदाच "तू" म्हणते. आमच्या प्रयोगात त्या एका शब्दाला प्रेक्षक गप्प व्हायचे. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मी आठवडाभर शब्द शोधत होते, आणि मिळाला नाही कारण तो शब्दाचा प्रश्नच नव्हता. नाटकभर दोरी बापाच्या हातात असते. मुलगी फक्त तो सांगेल तेव्हा ती धरते. शेवटी मी एवढंच केलं की ती त्याच्या हातातून दोरी घेते आणि न बोलता स्वतःच्या कमरेला बांधते. त्यानंतर मराठी प्रयोगातलं "तू"सुद्धा आम्ही काढून टाकलं. दोरी पुरत होती.

मराठीतून भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. एखादी ओळ इंग्रजीत येतच नसेल तर आधी बघा, ती कृतीत येते का. आली तर बऱ्याचदा मूळ मराठीही सुधारते.

पानांची मर्यादा पाळा. प्रत्येक ठिकाणची वेगळी असते. कुठं दहा पानं, कुठं तीस, कुठं अख्खं नाटक. मला तीसमध्ये बसवायचं होतं आणि भाषांतर बेचाळीस पानांचं झालं होतं. त्यासाठी अक्षर लहान करू नये. पटकथा कुरियर फॉन्टमध्ये 12 पॉइंटला लिहितात, कारण त्या मापात साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. वाचणाऱ्याला पान बघताक्षणी कळतं की माप बदललंय. मी कापाकापी तालमीच्या खोलीत केली. दोन नटांनी इंग्रजी मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि मी फक्त त्यांची तोंडं बघायची. जिथं वाचताना त्यांची नजर पुढच्या ओळीवर पळायची तिथं मी पेन्सिलीनं खूण करायचे. तीन बैठकांत बारा पानं गेली. त्यात आईच्या आठवणींचा एक लांब संवाद होता, तो मला फार आवडायचा. वाचणारी मुलगी दोन वेळा तिथंच पाणी प्यायला थांबली. तो गेला.

सांगलीत राहण्याचा फायदा हा आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र इथं आहे आणि तालमी करणारे गट अजून आहेत. कुणाला तरी सांगा, "माझं वाचून दाखव." नाही म्हणणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

एसओपी दुसऱ्या वर्षी मी स्वतः लिहिलं. पहिल्या मसुद्यात 1843 मध्ये सांगलीत पहिलं मराठी नाटक करणारे विष्णुदास भावे, नाटककार देवल आणि खाडिलकर, सांगलीचं 'नाट्यपंढरी' हे नाव, सगळं आलं. गावाचा अभिमान खरा होता, पण त्यातून माझ्याबद्दल काहीच कळत नव्हतं. त्यातली एकच गोष्ट ठेवली. भाव्यांच्या नाटकात गद्य संवाद लिहिलेले नसत. सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट त्या प्रसंगाला धरून ऐन वेळी बोलायचे. माझी अवस्था नेमकी उलटी आहे, असं मी लिहिलं. मला संवाद सुचतात, पण प्रसंगांची बांधणी कच्ची आहे, आणि ती शिकायला मला यायचंय. कोणत्या नाटकात ती कच्ची राहिली, तिथं काय करून पाहिलं आणि ते का जमलं नाही, हे एका परिच्छेदात दिलं. आपल्याला काय येत नाही हे नेमकं लिहिता आलं तर एसओपी बहुतेक झालंच.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. मोठ्या नावाच्या मागं लागू नका. पहिल्या वर्षी एका नावाजलेल्या कलावंताकडून पत्र घेतलं होतं. त्यांनी मला दोनदाच पाहिलं होतं, आणि पत्रातही तेवढंच होतं. दुसऱ्या वर्षी दिग्दर्शक सर, कॉलेजमधल्या इंग्रजीच्या मॅडम आणि जिथं मी लेख द्यायचे तिथले संपादक, अशी तिघांची घेतली. सरांनी मराठीत लिहिलं आणि मॅडमनी त्याचं भाषांतर करून मूळ पत्रासोबत दिलं. निदान दीड महिना आधी विचारा, आणि विचारताना नमुन्याचा मसुदा त्यांच्या हातात द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत कागदासाठी, विद्यापीठाकडे सप्टेंबरमध्येच अर्ज टाका. आपली बी.ए. तीन वर्षांची आहे, ती चालते की नाही हे प्रत्येक ठिकाणी मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा बहुतेक एमएफएला लागत नाही, टोफेल किंवा आयईएलटीएस यांपैकी इंग्रजीची एक परीक्षा लागते. अर्जाच्या तारखा साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात. न्यूयॉर्कची 1 डिसेंबरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे 2 तारखेची सकाळ, साडेदहा. तरी शेवटच्या तासावर विसंबू नका.

एका ठिकाणची मुलाखत फेब्रुवारीत ऑनलाइन झाली, तिकडचे सकाळचे अकरा, आपले रात्रीचे साडेनऊ. सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि आमच्या गल्लीतली वीज गेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा जोडले गेले तेव्हा तोंडावर फक्त बॅटरीचा उजेड होता. तसंच बोलत राहिले. मुलगी पेवात उतरते ते रंगमंचावर का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रेक्षकानं दोरीकडे बघायला हवं. ती ढिली पडली की त्याला कळलं पाहिजे. मग आम्ही वीस मिनिटं दोरीबद्दलच बोललो. त्यांनी नमुना ओळ न ओळ वाचला होता. गुणांबद्दल एक शब्द नाही.

मार्च संपता संपता दोन ठिकाणांहून होकार आला. एक नाव फार मोठं होतं, पण तिथं फी पूर्ण भरायची होती. दुसरीकडे फी माफ होती आणि शिकवण्याच्या कामाचा पगारही होता. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आई घराच्या कागदांची पिशवी काढून बसली होती, तिच्या मनाची तयारी झाली होती. माझीच होत नव्हती. एमएफए झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी नोकरी घेऊन दारात उभं नसतं, आणि नाटक लिहिणाऱ्याला पहिली काही वर्षं डोक्यावर हप्ता नको, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. स्कॉलरशिपसह प्रवेश मिळाला असेल तर तो स्वीकारल्याचं कळवायची बहुतेकांची शेवटची तारीख 15 एप्रिल असते. 14 ला रात्री मी दुसऱ्या ठिकाणी होकार कळवला आणि मोठ्या नावाला नकाराचं पत्र लिहिलं. ते लिहायला एक तास लागला. आईनं पिशवीची गाठ बांधली आणि ती परत कपाटात ठेवली.