पंक (म्हणजे वेगवान, रांगडं रॉक) गाणं मराठीत लिहायचं तर

आधी 'एकटेपणा' हा शब्द खोडा. माझ्या पहिल्या गाण्यात तो सहादा होता, ड्रमर जांभया देत होता. त्याऐवजी वस्तू धरा. हिंजवडीहून येताना वाकडच्या पुलाखाली बस तुंबली, तेव्हा गळ्यातल्या कार्डावरचा माझा फोटो घासून पुसट झालेला दिसला. ओळ तिथंच सुचली: 'कार्ड दाखवलं की दार उघडतं, तोंड दाखवलं की नाही.'

एक्स-रे स्पेक्स या ब्रिटिश पंक बँडचं १९७८ चं 'आयडेंटिटी' ऐका. त्यांची गायिका पॉली स्टायरीन आरशाबद्दल प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा, रडू नका. रमोन्स या अमेरिकी पंक बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममधली १४ गाणी साधारण २९ मिनिटांत संपतात. तेव्हा दोन मिनिटांत आटपा. यमक? जुळलं तर जुळलं.

सराव मात्र दुपारी १ ते ४ नको. सदाशिव पेठेत राहतो आम्ही.