समुद्राची रेघ शेवटी काढू नका : यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकताना होणाऱ्या चुका

हर्णैच्या किनाऱ्यावर मुलं चित्र काढायला बसली की क्रम ठरलेला. आधी होडी, मग माड, मग सुवर्णदुर्ग आणि शेवटी उरलेल्या जागेत समुद्राची आडवी रेघ. सगळं बिघडतं ते इथेच. ती रेघ म्हणजे क्षितिजरेषा, आणि ती कायम आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असते. शहरातल्या मुलांना ती इमारतींमागे अंदाजाने धरावी लागते, आपल्याला आयती मिळते. वाळूत बसा, मग उभे राहा, रेघ तुमच्याबरोबर वर येईल. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी चढलात तरी ती डोळ्यांसमोरच. समुद्र मात्र भिंतीसारखा उभा राहिलेला वाटतो.

म्हणून पहिली रेघ तीच मारा. मग माणसंही जागेवर बसतात. सपाट पुळणीवर तुम्ही उभे असाल, तर तुमच्या उंचीच्या प्रत्येकाचे डोळे याच रेघेवर येतात, मग तो दहा पावलांवर असो की दोनशे. लांब जाताना त्याचे पाय वर सरकतात, डोकं जागचं फारसं हलत नाही. मी कितीतरी दिवस लांबच्या माणसांची डोकी खाली ओढायचो आणि ती खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसायची. बसून काढत असाल तर रेघ साधारण सगळ्यांच्या कमरेतून जाईल. लांब जाणाऱ्या सपाट समांतर रेघा या रेघेवर जिथे एकत्र मिळताना दिसतात, तो लोपबिंदू. इटलीचा वास्तुविशारद अल्बर्ती याने १४३५ मध्येच सांगून ठेवलं होतं की हा बिंदू चित्रातल्या माणसाच्या उंचीपेक्षा वर नको.

पडवीचे खांब पट्टीने सारख्या अंतरावर मारू नका. पहिले दोन नजरेने काढा. त्यांची वरची टोकं जोडणारी आणि खालची टोकं जोडणारी अशा दोन रेघा लोपबिंदूपर्यंत न्या. आता पहिल्याच्या वरच्या टोकापासून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून तिरकी रेघ ओढा. ती खालच्या रेघेला जिथे छेदेल, तिथे तिसरा खांब. पुढचेही असेच.

कौलारू घराचं आढंही असंच फसवतं. बाजूच्या भिंतीचा मध्य मोजून काढलात तर छप्पर कलंडतं. भिंतीचे दोन्ही कर्ण काढा आणि ते छेदतात तिथून उभी रेघ वर न्या. आढ्याचं टोक तिच्यावरच येतं.

घराचा कोपरा होडीच्या नाळीसारखा टोकदार झाला? दोन बाजूंच्या भिंतींचे दोन्ही लोपबिंदू कागदातच कोंबलेत. कागद मोठ्या फळ्यावर चिकटवा, कागदाबाहेर दोन टाचण्या टोचा आणि दोरा ताणून रेघा तपासा.

उतरत्या पाखाडीच्या कडा मात्र क्षितिजाच्या खाली मिळतात, नाहीतर ती सपाट रस्ता दिसते. दोन्हीकडच्या घरांच्या आडव्या रेघा क्षितिजावरच जातात. माडांना यातला कुठलाच नियम लावू नका, ते हवे तसे वाकतात.

मध्येच चहाला उठायचं असेल, तर वर ओढून ठेवलेल्या होडीच्या कितव्या फळीवर समुद्राची रेघ येते ते बघून ठेवा. परत आल्यावर ती तिथेच दिसेल असं बसा.