ग्रुपनं मागवलेले अलॉय रखडले, तर

कोल्हापुरात दहा-बाराजण मिळून गाडीचे अलॉय (मिश्रधातूची चाकं) मागवतात, पैसे एकाच्या खात्यावर जमतात आणि दोन महिन्यांनी त्याचाच फोन लागेनासा होतो. शिव्या नंतर. आधी त्याच्याकडून तीन कागद घ्या: विक्रेत्याचं बिल, पैसे पुढे पाठवल्याचा यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल गाडीत चढवल्याची पावती).

यूटीआर नसेल तर पैसे अजून त्याच्याकडेच असण्याची शक्यता मोठी. "माल निघालाय" म्हणतात पण बिल्टी नाही, म्हणजे बहुधा माल निघालेलाच नाही. बऱ्याचदा कारण साधं असतं: विक्रेत्याला ठरावीक सेटची ऑर्डर लागते, दोघं मागे हटतात आणि ऑर्डर अडकते. अशा वेळी उरलेल्यांनी वाढीव दरानं माल घ्यायचा की पैसे परत, हे तारखेसह लेखी ठरवा.

तारीख उलटली तर विक्रेत्याला नोटीस पाठवा, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षं. मात्र बिल एकाच्याच नावावर असेल तर बाकीच्यांना आपण ग्राहक असल्याचं दाखवणं जड जातं. म्हणून बिलं वेगवेगळी मागा.

माल आलाच, तर शिरोलीच्या गोडाऊनवरच खोकी उघडा. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमी व्यास, ४×१०० की ५×११४.३), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) आणि सेंटर बोअर (मधलं भोक) तपासा; ही मापं सहसा चाकामागे कोरलेली असतात. टायर चढवण्याआधी एक चाक लावून बघा. टायर चढला की विक्रेता सहसा परत घेत नाही.