ब्रोकन म्हणजे नक्की काय झालंय? तुटलं, फुटलं की मोडलं

डिक्शनरीत ब्रोकन शोधलं की समोर एका ओळीत तुटलेलं, फुटलेलं, मोडलेलं असं सगळं येतं आणि भाषांतर करणारा त्यातलं पहिलं उचलून "काच तुटली" असं लिहून मोकळा होतो. मला असं वाक्य दिसलं की खरंच टोचतं, कारण काच तुटत नाही ओ, काच फुटते. दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटतं, शिवण उसवते. इंग्रजीत एकटा ब्रेक जेवढं काम करतो तेवढ्यासाठी आपल्याकडे वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि कुठलं घ्यायचं हे ती वस्तू कशी गेली त्यावरून ठरतं.

तर आधी वस्तू डोळ्यासमोर आणायची. ताण पडून दोन भाग वेगळे झाले असतील तर तुटणं, जसं दोरी, साखळी, चपलेचा पट्टा, आणि त्याच न्यायाने संपर्क तुटतो, नातं तुटतं. कडक ठिसूळ वस्तू आपटून तुकडे झाले किंवा आत कोंडलेलं बाहेर आलं तर फुटणं, म्हणजे काच, मडकं, फुगा, पाइप, धरण, आणि हो, गुपित पण फुटतं आणि परीक्षेचा पेपर पण. वाकवताना किंवा भार पडून गेलं तर मोडणं, फांदी, पेन्सिल, खुर्चीचा पाय, हाड. आणि जे ठरलेलं किंवा बांधलेलं असतं ते पण मोडतंच, ठरलेलं लग्न, नियम, दिलेला शब्द, बँकेतली एफडी. म्हणून ब्रोकन प्रॉमिसला तुटलेलं वचन नका लिहू, शब्द मोडला लिहा. ब्रोकन इंग्लिशला तर आपल्याकडे तयार शब्द आहे, मोडकंतोडकं इंग्रजी.

आता एक चिनी मातीचा कप हातात घ्या, त्यात बरंच काही कळतं. काठावरचा बारीक तुकडा उडालाय पण कप वापरता येतोय, याला आपण टवका उडाला म्हणतो आणि इंग्रजीत चिप्ड. कप अख्खा दिसतोय पण नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजायच्या ऐवजी बद्द आवाज येतोय, म्हणजे तडा गेलाय, इंग्रजीत क्रॅक्ड (भिंतीला किंवा टाचेला असेल तर भेग). कपाचा कान वेगळा झाला तर कान तुटला म्हणायचं, इथे मात्र फुटला नाही चालत. खाली पडून दोनचार तुकडे झाले की फुटला, ब्रोकन. आणि बारीक बारीक तुकडे होऊन सगळीकडे उडाले की ठिकऱ्या उडाल्या, शॅटर्ड. वस्तू तीच आहे, पण या पाचही ठिकाणी नुसतं ब्रोकन लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

हाडाच्या बाबतीत एक गैरसमज फार आहे. लोक म्हणतात "हाड मोडलं नाही, नुसतं फ्रॅक्चर आहे", पण डॉक्टरांच्या भाषेत फ्रॅक्चर म्हणजेच हाड मोडणं, ब्रोकन बोन आणि फ्रॅक्चर एकच. बारीक चीर असेल तर हेअरलाइन फ्रॅक्चर, पण ते पण फ्रॅक्चरच. सांधा जागेवरून सरकला तर ते निखळणं, डिसलोकेशन, आणि घोटा मुरगळला तर स्प्रेन. हे तिन्ही वेगळे आहेत, घरी फोनवर सांगताना तरी बरोबर शब्द वापरा.

मशीनचं अजून वेगळं आहे. इंग्रजीत बंद पडलेल्या वस्तूला पण ब्रोकनच म्हणतात, बाहेरून ती धडधाकट असली तरी. मी एकदा ऑनलाइन मागवलेला टेबल लॅम्प लागत नव्हता म्हणून तक्रारीत लिहिलं "लॅम्प इज ब्रोकन", तर ते फुटलेल्या काचेचा फोटो मागत बसले, काच तर शाबूत होती, दोन दिवस नुसत्या मेलामेलीत गेले. तिथे "नॉट वर्किंग" लिहायला हवं होतं. तेव्हापासून मी असं करते: बाहेरून मार लागलाय, पोचा आलाय, वाटेत आदळलंय तर डॅमेज्ड, बनवतानाच दोष राहिलाय तर डिफेक्टिव्ह, लिफ्ट किंवा एटीएमसारखं सगळ्यांच्या वापरातलं बंद असेल तर आउट ऑफ ऑर्डर. मराठीत बिघडलं किंवा बंद पडलं एवढं पुरतं.

ब्रोक आणि ब्रोकन यात पण लोक घसरतात. "आय अ‍ॅम ब्रोक" म्हणजे खिसा रिकामा आहे, आणि "आय अ‍ॅम ब्रोकन" म्हणजे मी मनाने पार खचलोय. मित्राकडे उसने पैसे मागताना दुसरं लिहिलंत तर तो घाबरून घरी येईल.

उरलेल्या तुकड्यांनाही नावं आहेत. फ्रॅगमेंट म्हणजे कशाचाही सुटा तुकडा, शार्ड म्हणजे काचेचा किंवा मडक्याचा धारदार तुकडा, स्प्लिंटर म्हणजे लाकडाची बोटात घुसणारी टोकदार बारीक कपची, रेकेज म्हणजे अपघातग्रस्त विमान, जहाज, गाडीचे अवशेष, रुइन्स म्हणजे पडक्या वास्तूचे भग्नावशेष. आणि डेब्री म्हणजे ढिगारा, राडारोडा. हा शब्द फ्रेंचमधून आलाय म्हणून शेवटचा एस लिहायचा पण उच्चारायचा नाही, डेब्रिस नाही म्हणायचं, आणि वन डेब्री टू डेब्री असं मोजायचं पण नाही.

पाठ करायला सोपं जावं म्हणून मूळ लक्षात ठेवा. लॅटिनमध्ये फ्रँगेरे म्हणजे मोडणं, त्यातून फ्रॅगमेंट, फ्रॅक्चर, फ्रॅजाइल आणि गणितातलं फ्रॅक्शन आलं. रुम्पेरे म्हणजे पण तोडणं फोडणं, त्यातून रप्चर, इंटरप्ट, इरप्ट. आपल्याकडे हेच काम भंग करतो, स्वप्नभंग, अपेक्षाभंग, प्रेमभंग, हक्कभंग, आणि जो भंगत नाही तो अभंग. ब्रोकन हार्टला लोक सर्रास "तुटलेलं हृदय" लिहितात, पण ओघात प्रेमभंग जास्त मराठी वाटतं.

उलट्या दिशेने जाताना मात्र जपून. आपलं फुटणं दरवेळी ब्रेक नसतं. पहाटे तांबडं फुटतं तिथे डेब्रेक जमतं, किनाऱ्यावर लाट फुटते तिथेही ब्रेक चालतं, वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो त्यालाही इंग्रजीत व्हॉइस ब्रेक्सच म्हणतात. पण झाडाला पालवी फुटते तिथे ब्रेक लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल झाड मोडलं, तिथे स्प्राउट लिहा.