एचआयव्ही कार्यक्रमात नोकरी धरताना: मराठवाड्यातल्या नव्या समुपदेशक, नर्स आणि लॅब टेक्निशियन (एलटी) यांच्यासाठी

एमएसडब्ल्यू, डीएमएलटी किंवा नर्सिंग झालं की बीड, हिंगोली, धाराशिवकडच्या मुलामुलींना बऱ्याचदा पहिली जाहिरात दिसते ती आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्र) किंवा एआरटी सेंटरची (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र). अर्ज भरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या: तुमची खुर्ची रुग्णालयात असते, पण पद रुग्णालयाचं नसतं. वर दिल्लीला १९९२ साली सुरू झालेली नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना), राज्यात एमसॅक्स (राज्य एड्स नियंत्रण संस्था), जिल्ह्यात डापकू (जिल्हा एड्स नियंत्रण पथक). मानधन आणि मुदतवाढ त्या वाटेने येते. हजेरी, खोली, फ्रिज आणि रोजची कामं मात्र सिव्हिल सर्जन किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या हातात. म्हणजे साहेब दोन. रजेचा अर्ज कोणाकडे, किट संपल्याचं पत्र कोणाकडे आणि प्रत कोणाला, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या.

ही अशी रचना फक्त आपल्याकडची नाही. २००२ साली ग्लोबल फंड (एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी) आणि २००३ साली अमेरिकेचा पेपफार हा एड्स मदत कार्यक्रम आला, तेव्हा आफ्रिकेतल्या देशांत औषधांसाठी पैसा आला, पण गोळ्या द्यायला माणसं नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालात ५७ देशांत मिळून सुमारे ४३ लाख आरोग्य कर्मचारी कमी असल्याचं नोंदवलं होतं. कायम पदं भरायला वर्षं लागतात, म्हणून प्रकल्पांनी स्वतःची माणसं घेतली, जास्त पगारावर. सरकारी दवाखान्यातल्या नर्सेस तिकडे गेल्या आणि बाळंतपणाचा वॉर्ड रिकामा झाला. मलावीने २००४ पासून उलटा मार्ग धरला: दात्यांच्या पैशातून सरकारी कर्मचाऱ्यांच्याच पगारात ५२ टक्के भर आणि सोबत प्रशिक्षणाच्या जागांत वाढ. दक्षिण आफ्रिकेत २०१० पासून एआरटी सुरू करण्याचं काम नर्सेसकडे आलं. दोन्ही उपाय कामाचे ठरले, पण त्यांच्यामागे पैसा बाहेरचा असला तर तो थांबल्यावर काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यावर अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांनी अनुभवलं.

म्हणून जाहिरात वाचताना पगाराच्या आकड्याआधी पैसा कोणाचा ते बघा. नॅकोच्या पाचव्या टप्प्यासाठी (२०२१ ते २०२६) केंद्र सरकारने १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद केली. आयसीटीसी आणि एआरटीची पदं या सरकारी कार्यक्रमातली. पद स्वयंसेवी संस्थेचं असेल, तर करार कधी संपतो आणि पुढचं अनुदान मंजूर आहे का, हे मुलाखतीतच विचारा. विचारल्याने कोणी नापास करत नाही.

आता कामाकडे. एलटीने लक्षात ठेवावं की आयसीटीसीत एका किटवर कोणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या तत्त्वांच्या तीन रॅपिड चाचण्या, तिन्ही रिॲक्टिव्ह (संसर्ग दाखवणाऱ्या) आल्या तरच पॉझिटिव्ह रिपोर्ट. पीएचसीत पहिल्या चाचणीत रिॲक्टिव्ह आलेल्या गरोदर बाईला आयसीटीसीला पाठवायचं, हातात 'पॉझिटिव्ह'ची चिठ्ठी द्यायची नाही. निकाल चुकतो तो बहुधा घाईने. वीस मिनिटांनी वाचायची पट्टी पाचव्या मिनिटाला वाचली तर पुसट रेष सुटते, तासाभराने वाचली तर नसलेली दिसते. एका लॉटचं बफर (चाचणीत घालायचं द्रावण) दुसऱ्या लॉटच्या किटला वापरू नका. आणि मराठवाड्याचा एप्रिल-मे विसरू नका. बऱ्याच किट २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. लाइट गेली की तालुक्याच्या ठिकाणी फ्रिज तासन्‌तास बंद राहतो. तापमान दिवसातून दोनदा लिहा, तेही स्वतः बघून. महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेला तक्ता कोणालाही ओळखू येतो.

समुपदेशकाचा खरा कस लागतो तो एआरटी सेंटरवर. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळते, २०१७ पासून सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी औषध सुरू होतं, आणि आता बहुतेक प्रौढ टीएलडीवर (तीन औषधं एकत्र असलेली गोळी) आहेत: रोज एक गोळी, बाटलीत ३०. हिशेब सोपा आहे. तीस गोळ्या नेल्या, तिसाव्या दिवशी चार उरल्या, म्हणजे २६ खाल्ल्या, ८७ टक्के. अपेक्षा ९५ टक्क्यांच्या वरची. पण नुसता आकडा लिहून पुढचा नंबर पुकारू नका. चार का उरल्या? बहुतेक वेळा उत्तर घरात असतं: सासू समोर बसलेली, नातेवाइकाचं लग्न, उपवास. रुग्णाने बाटली घरी ठेवून यायची सवय लावली असेल तर मोजणी होतच नाही, म्हणून बाटली सोबत आणायला पहिल्या दिवसापासून सांगा. प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री घाम येणं हे चार प्रश्न चुकवू नका. क्षयरोग सापडतो तो इथेच.

पुस्तकात नसलेला भाग ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर बीड, जालना, परभणीतल्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, येतात ते मार्च-एप्रिलला. तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तरी हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तेव्हा सप्टेंबरमध्येच यादी काढा: कोण जाणार, कोणत्या कारखान्यावर, मुकादम कोण, जवळचं एआरटी सेंटर कोणतं. व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीची) तारीख हंगामात पडत असेल तर जाण्याआधी नमुना घेता येईल का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. मुकादमाचा फोन नंबर घ्या, पण त्याला कारण सांगू नका. दवाखान्यातून बोलतोय एवढ्यानेही त्याला संशय येऊ शकतो, म्हणून काय बोलायचं ते रुग्णाला विचारूनच ठरवा. सातव्या महिन्यातली पॉझिटिव्ह बाई ऑक्टोबरमध्ये निघाली तर बाळंतपण डिसेंबरात, कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत. बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध हवं आणि सहा आठवड्यांनी डीबीएस (कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबाची तपासणी), म्हणजे जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. या तारखा कार्डावर लिहून द्या आणि तिथल्या आयसीटीसीच्या समुपदेशकाला आधीच फोन करून ठेवा. तेवढ्या फोनने बऱ्याच अडचणी टळतात.

गुप्ततेबद्दल २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, लेखी संमतीशिवाय कोणाला सांगणं नाही. केसपेपरवर लाल शाईने लिहिणं, वॉर्डात ओरडून विचारणं हेही त्यातच आलं. गाव लहान, ओळखी जास्त, म्हणून रुग्ण स्वतःच्या तालुक्याचं सेंटर टाळतो. त्याला अडवू नका.

सुई टोचली तर बोट दाबू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच मेडिकल ऑफिसरला सांगा. पीईपीचा (टोचल्यावर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्यांचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. अशा टोचण्यातून एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, हिपॅटायटिस-बीचा त्याहून पुष्कळ मोठा. रुजू होतानाच हिपॅटायटिस-बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांची पूर्ण करा. पीईपीच्या गोळ्या कॅज्युअल्टीत कुठे ठेवल्यात हे रात्रपाळीच्या ब्रदरला माहीत असतं का, तेही एकदा बघून ठेवा.

ग्रामीण रुग्णालयात तुम्हाला दुसऱ्या कामाला लावतीलच. एलटीला डेंग्यू, मलेरिया, सीबीसी. समुपदेशकाला केसपेपरची खिडकी. आफ्रिकेत प्रकल्पाने दवाखान्याची माणसं ओढली, इथे दवाखाना प्रकल्पाची माणसं ओढतो, आणि ते पूर्ण चूक म्हणता येणार नाही. एकाच एलटीवर चालणाऱ्या लॅबमध्ये डेंग्यूचा रुग्ण परत पाठवणं बरं दिसत नाही. मात्र आयसीटीसीचं दार ओपीडीच्या वेळेत बंद राहता कामा नये. गरोदर मातांचे नमुने सकाळी उरका, बाकीची कामं दुपारी घ्या, आणि जादा कामाचा आदेश लेखी मागा. वर्षाच्या मूल्यमापनात आकडे कमी दिसले तर तो कागदच कामाला येतो.

आयुष्यभर याच पदावर राहायचं असं ठरवून येऊ नका. समुपदेशकाला क्षयरोग, असंसर्गजन्य आजार, किशोरवयीन आरोग्य, मानसिक आरोग्य अशा कार्यक्रमांत वाट असते. एलटी आणि फार्मासिस्टला तर कुठेही. त्यासाठी पॅरामेडिकल, नर्सिंग किंवा फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जपा, आणि अनुभवाचा दाखला दरवर्षी मुदतवाढीच्या वेळीच घ्या. त्यावर पदाचं पूर्ण नाव, रुजू तारीख आणि जावक क्रमांक हवा. पाच वर्षांनी मागायला गेलात तर सही करणारे अधिकारी बदलून गेलेले असतात.