पावसाच्या तोंडावर शिंपल्यांवरून पाण्याची पारख

पहिल्या मोठ्या सरींबरोबर शेतांतील खते व कीटकनाशके, गटारांचे पाणी आणि रस्त्यांवरील तेलकट मळ खाडीत एकदमच उतरतो. त्यामुळे शिंपलेपालकांनी पाहणीसाठी शिंपल्यांचे नमुने पावसाआधी एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावेत. बाटलीभर पाण्याची चाचणी त्या घटकेपुरतेच सांगते. कालवे (ऑयस्टर) व शिणाणे (मसल) हे शिंपले मात्र एका जागी चिकटून तासाला काही लिटर पाणी गाळतात आणि शिसे, कॅडमियम, पारा असे धातू मांसात साठवतात, म्हणून त्यांच्या मांसातून मागील कित्येक आठवड्यांचा हिशेब मिळतो. सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली हीच कल्पना मांडली होती.

नमुना एकाच जातीचा, जवळपास सारख्या लांबीचा, त्याच जागेवरचा व त्याच खोलीवरचा असावा आणि त्यात किमान वीस-पंचवीस शिंपले असावेत. कालवांत जस्त व तांबे शिणाण्यांपेक्षा कितीतरी अधिक साठते, तेव्हा दोहोंच्या आकड्यांची तुलना करू नये. अंडी सोडल्यावर शिंपल्याचे वजन घटते आणि धातूंचे प्रमाण बदललेले दिसते. म्हणून दरवर्षी प्रजननचक्राच्या त्याच टप्प्यावर नमुना घेणे इष्ट. धातूंच्या तपासणीसाठी गंजका चाकू टाळून स्वच्छ प्लास्टिक पिशवी वापरावी आणि नमुना लगेच गोठवावा.

शिंपले उघडे पडू लागले किंवा मरू लागले, की दोष प्रदूषणाला देण्याची घाई होते. परंतु क्षारता अचानक घटणे, उष्णता, रोग किंवा प्राणवायूची कमतरता यांनीही तेच घडते, त्यामुळे क्षारता व तापमान यांची नोंद नमुन्यासोबत हवीच. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात बोटींच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन या कथिलयुक्त विषारी रसायनामुळे कालवांची कवचे बेढब जाड झाली आणि १९८२ साली त्या रंगावर निर्बंध आले. असा उघड पुरावा क्वचितच मिळतो. बहुतेकदा दूषित शिंपला बाहेरून धडधाकट दिसतो.

शुद्ध पाण्यात दोन-एक दिवस ठेवल्याने जिवाणू बरेच कमी होतात, विषाणू मात्र चिवटपणे टिकतात आणि धातू तर जवळपास तसेच राहतात. म्हणून पावसानंतरच्या दुसऱ्या अहवालात धातूंचे प्रमाण वाढलेले आढळल्यास काढणी थांबवावी. उगम शोधण्यासाठी स्वच्छ जागेवरचे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यांतून प्रवाहाच्या वरच्या व खालच्या बाजूस काही आठवडे टांगून ठेवावेत आणि मग प्रत्येक पिंजऱ्याची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.