प्रदेश म्हणजे परग्रह नव्हे

राज्यशास्त्रात पीएचडी करायची आणि विषय 'प्रादेशिक दृष्टिकोन' घ्यायचा, असं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नमुना, रिग्रेशन वगैरे येतं असं धरून चालतो. मी विज्ञानकथांचा वेडा आहे. पहिली दोन वर्षं हे विभागात कुणाला कळू दिलं नाही. आणि माझं एक अख्खं प्रकरण ज्या चुकीने बाद झालं, तिचं मूळ त्याच वाचनात होतं.

अंतराळकथांत एक सोय असते: एक ग्रह, एक स्वभाव. हा लढवय्यांचा, तो व्यापाऱ्यांचा. मीही तेच केलं. प्रदेशवार मतदानाचे आकडे घेतले, शेजारी स्थलांतरितांची टक्केवारी मांडली. जिथे स्थलांतरित जास्त, तिथे प्रादेशिक पक्षाला मतं जास्त. आलेख इतका देखणा आला की मी खाली ठोकून दिलं, 'स्थलांतरितांच्या शेजारी राहणारा मतदार प्रादेशिक पक्षाकडे वळतो.' परीक्षकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'हा मतदार तुम्हाला कुठे भेटला?'

कुठेच भेटला नव्हता. माझे आकडे प्रदेशाचे होते आणि वाक्य माणसाचं. नंतर व्यक्तींच्या मुलाखतींची माहिती तपासली, तर स्थलांतरितांना लागून राहणारे त्यातल्या त्यात शांत निघाले. राग होता तो त्याच प्रदेशातल्या दूरच्या वस्त्यांत.

याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. व्याख्या तुम्हाला पाठ असेल, मलाही होती. तरी पडलो, म्हणून पुन्हा सांगतो. १९५० साली समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. मग हे लोक जास्त शिकलेले होते का? उलट, माणसागणिक पाहिलं तर त्यांच्यातच निरक्षरता थोडी जास्त होती. ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. राज्याची सरासरी त्यांची नव्हती, त्यांच्या शेजाऱ्यांची होती. आपल्या प्रबंधातलं 'या भागातले लोक' असं सुरू होणारं प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासून पाहा. माझी एकतीस निघाली.

'मग देशभराच्या सर्वेक्षणातून आपला प्रदेश वेगळा काढू' हे सुचेलच. १००० जणांच्या नमुन्यात चूक साधारण ३ टक्के इकडेतिकडे. त्यातले तुमच्या प्रदेशाचे १०० उरले की ती साधारण १० टक्क्यांपर्यंत जाते. वस्त्या निवडून मुलाखती घेतल्या असतील तर आणखी. यावर कुणीतरी 'एमआरपी करून टाक' म्हणेलच, म्हणजे सर्वेक्षणाला जनगणनेची जोड देऊन प्रत्येक प्रदेशाचं मत मॉडेलने अंदाजायचं. तंत्र उत्तम आहे, पण कोड उतरवून घेऊन चालवणाऱ्यांचा मला राग येतो. प्रदेशाबद्दलची माहिती तोकडी असेल, तर हे मॉडेल त्या प्रदेशाला एकूण सरासरीकडे ओढतं. म्हणजे जे वेगळेपण शोधायला निघालात, तेच पुसलं जातं.

घाबरू नका. प्रकरण पुन्हा लिहिता येतं, मला सात महिने लागले. मात्र पहिल्याच मसुद्याला 'छान' म्हणणारा गाइड असेल तर दुसरा वाचक शोधा, शक्यतो विषयाबाहेरचा.

विज्ञानकथा शेवटी कामाला आल्या त्या प्रश्नावलीत. काल्पनिक प्रसंग देऊन मत विचारण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या प्रसंगात प्रदेशाला स्वतंत्र राजधानी मिळाली, शाळांची भाषा बदलली आणि करही तिथेच राहिला. लोक खूश झाले, पण नेमके कशावर, ते सांगता येईना. समीक्षक डार्को सुविन विज्ञानकथेतल्या नव्या, अनोळखी गोष्टीला 'नोव्हम' म्हणतात. मला आवडणाऱ्या कथांत ती एकच असते आणि बाकी जग तिच्यामागे फरफटत येतं. मग मीही तेच केलं. निम्म्यांना दिलेल्या प्रसंगात कर प्रदेशातच राहतो, निम्म्यांच्या प्रसंगात केंद्राकडे जातो. बाकी शब्दन् शब्द तोच, गावाचं नावसुद्धा.

व्हायवात सर्वांत जास्त वेळ याच दोन प्रसंगांवर गेला. एका परीक्षकांनी विचारलं, 'हे सुचलं कुठून?' मी कपाटातल्या अंतराळकथांचं नाव घेतलं, तर ते स्वतःची यादी सांगत बसले.